सतरा सप्टेंबरला मुलांना काय सांगणार? मराठवाड्यातील शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि इतिहास शिकवणारे शिक्षक-शिक्षिका यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपल्या शाळेत ध्वजारोहण होईल. आदल्या आठवड्यात परिपत्रक येईल, प्रभातफेरीचा मार्ग ठरेल, हुतात्मा स्तंभ धुऊन घेतला जाईल आणि प्रमुख पाहुण्यांचे पंधरा-वीस मिनिटांचे भाषण होईल. त्या भाषणाचा साचा आता इतका पक्का झाला आहे की पाहुणे बदलले तरी मजकूर बदलत नाही. हैदराबादच्या निजामाची राजवट जुलमी होती, ती टिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांनी अनन्वित अत्याचार केले, स्वामी रामानंद तीर्थांनी लढा उभारला, सरदार पटेलांनी फौजा पाठवल्या आणि मराठवाडा भारतात आला. यातले एकही वाक्य खोटे नाही. परंतु एवढेच ऐकून मूल घरी जाते तेव्हा राष्ट्र म्हणजे एक सीमा, एक झेंडा, एक सैन्य आणि समोर एक शत्रू, अशी समजूत घेऊन ते जाते. ही समजूत अपुरी तर आहेच, शिवाय खुद्द मराठवाड्याच्या इतिहासाने ती खोटी पाडलेली आहे. ते कसे, हे आपल्यासमोर मांडावे म्हणून हे पत्र.

१९४७ साली हैदराबाद संस्थानाकडे राष्ट्र म्हणवून घेण्यासाठी लागणारी बाहेरची सामग्री जवळजवळ सगळी होती. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश होता आणि १९४१ च्या शिरगणतीनुसार एक कोटी साठ लाखांवर प्रजा होती. आपले आजोबा ज्याला हाली शिक्का म्हणत ते स्वतःचे चलन होते, स्वतःचे टपाल आणि टपालाची तिकिटे होती, रेल्वे होती, फौज होती, नभोवाणी होती, १९१८ साली स्थापन झालेले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ होते, आणि जगातल्या अतिश्रीमंतांत ज्याची गणना होई असा राजा होता. ऑगस्ट १९४८ मध्ये तर हैदराबादने आपले गाऱ्हाणे थेट संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेले. आणि तरीही १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य चोहोबाजूंनी आत शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागतीची घोषणा केली. पाच दिवसांत सारा डोलारा खाली आला.

याचे श्रेय आपण रणगाड्यांना आणि सेनापतींना देतो, ते काही अंशी रास्तही आहे. परंतु वर्गात एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. एवढ्या मोठ्या राज्यातली सामान्य प्रजा आपले राज्य वाचवायला का उठली नाही? सोळा जिल्ह्यांच्या त्या संस्थानात आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी भाषकांचे होते. बहुसंख्य मुलांची घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी होती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने लोक ज्याला ओळखत त्या फर्मानामुळे साधी सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. कर देणे, वेठ करणे आणि सलाम करणे यापलीकडे राज्याशी ज्यांचा संबंध येऊ दिला नव्हता, त्यांना ते राज्य आपले वाटावे तरी कशाने? मला वाटते, राष्ट्र कशाने होते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हैदराबादसारखे उदाहरण साऱ्या देशात दुसरे मिळणार नाही, कारण इथे झेंडा, नाणे आणि फौज हे सगळे होते आणि नेमके राष्ट्र तेवढे नव्हते.

आता याच्या उलट बाजू पाहा. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते त्यांनी काय केले? त्यांनी शाळा काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन, सेलूचे नूतन विद्यालय ही नावे आपल्याला नवी नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ हे मराठवाड्याला प्रथम माहीत झाले ते हिप्परग्याचे मुख्याध्यापक म्हणून. सभेला बंदी होती म्हणून साहित्याच्या, ग्रंथालयाच्या, गणेशोत्सवाच्या निमित्ताने माणसे एकत्र येत राहिली, १९३७ साली परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क सोडायला नकार दिल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातील आणि औरंगाबादच्या महाविद्यालयातील शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. आपल्या प्रांताबाहेरच्या, आपल्याशी काही देणेघेणे नसलेल्या एका विद्यापीठाने परक्या संस्थानातली काढून टाकलेली पोरे आपली म्हणून आत घेतली, हा प्रसंग मला १७ सप्टेंबरच्या कोणत्याही भाषणात कधी ऐकायला मिळालेला नाही. माझ्या दृष्टीने मात्र त्या दिवशी भारत नावाचे राष्ट्र नागपूरच्या त्या प्रवेश कचेरीत अस्तित्वात होते, १५ ऑगस्टच्या पुष्कळ आधी.

याच लढ्याची दुसरी शिकवण अशी की माणूस कोणत्या बाजूला उभा राहील हे त्याच्या धर्मावरून ठरले नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करत होता हे आपण सांगतो, परंतु ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचे नाव क्वचितच घेतो. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे ते उघडपणे लिहीत राहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये, म्हणजे मुक्तीला महिनाही उरला नसताना, रझाकारांनी हैदराबादच्या रस्त्यात त्यांचा हात तोडून खून केला. ज्या हाताने लिहिले तोच तोडला. दुसरीकडे निजामाचा वसूल गोळा करणारे, वेठ घेणारे आणि राजवट खालपर्यंत चालवणारे कित्येक देशमुख, जहागीरदार आणि वतनदार हिंदू होते, हे गावोगावच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संस्थानातल्या दलितांना जाहीर आवाहन केले की कोणत्याही परिस्थितीत निजामाची किंवा रझाकारांमागच्या इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची बाजू घेऊ नका. धर्मांतरासाठी दडपण आणि आमिष दोन्ही समोर असलेल्या, आणि सवर्ण समाजाकडून ज्यांना चांगल्या वागणुकीचा अनुभव नव्हता अशा लोकांना हे आवाहन केले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. या तिन्ही गोष्टी एकाच तासिकेत सांगता येतात. त्या सांगितल्या की ‘ते’ आणि ‘आपण’ यांची जी सोपी वाटणी मुले घरून घेऊन आलेली असतात ती आपोआप विस्कटते, आणि इतिहासाच्या तासाचा उपयोग याहून वेगळा तो काय?

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले त्या भागाकडे येतो.

१७ सप्टेंबरला आपले भाषण संपते. इतिहास तिथे संपला नाही. भारतीय सैन्याच्या त्या मोहिमेच्या, म्हणजे पोलीस कारवाईच्या, दिवसांत आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत याच मराठवाड्यात, आणि शेजारच्या बिदर-गुलबर्ग्यात, हजारो मुसलमान मारले गेले, घरे आणि दुकाने लुटली गेली, बायका पळवल्या गेल्या. त्या प्रकारांची पाहणी करण्यासाठी पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार आदींचे सदिच्छा मंडळ पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते संस्थानच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सावधपणे केलेला अंदाज म्हणून त्यांनी २७ ते ४० हजार माणसे मेल्याचे लिहिले, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड यांची नावे घेतली. उरलेले दोन गुलबर्गा आणि बिदर. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि व्यापारी पेठ म्हणून भरभराटीला आलेले होते. रझवीचे गाव म्हणून त्याची किंमत तिथल्या कच्छी व्यापाऱ्यांना आणि गोरगरीब मुसलमानांना मोजावी लागली. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्यातील आकड्यांवर वाद आहेत आणि ते असू शकतात, परंतु असे काही घडलेच नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

मला ठाऊक आहे की हे वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडली असेल. रझाकारांनी जे केले त्याची ही प्रतिक्रिया होती, असे म्हटले जाईल. रझाकारांची गावजाळणी, खंडण्या, खून आणि बायकांवरचे अत्याचार यांतले काहीही मी कमी लेखत नाही. संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून निजामाविरुद्ध लढलेल्या माणसांचे शब्द ऐकत माझी पिढी वाढली. परंतु रझाकाराच्या गुन्ह्याची शिक्षा उदगीरच्या किंवा तुळजापूरच्या विणकराने का भोगावी, या प्रश्नाला ‘प्रतिक्रिया’ हे उत्तर नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या दिवशी ही माणसे मारली गेली त्या दिवशी ती भारताची नागरिक झालेली होती. निजामाचे राज्य गेले तेव्हा त्याच्या प्रजेतला प्रत्येक माणूस आपल्या राष्ट्राच्या पदरात आला होता. राष्ट्राची पहिली परीक्षा विजयाच्या दुसऱ्या दिवशी होते आणि त्या परीक्षेत मराठवाडा सर्वत्र उत्तीर्ण झाला नाही, हे मान्य करण्याने आपल्या हुतात्म्यांचा मान कणभरही कमी होत नाही.

शिवाय त्याच अहवालात असाही भाग आहे, जो वाचून शिक्षकाची छाती भरून यावी. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवल्याची उदाहरणे त्यात नोंदलेली आहेत, आणि विशेषतः एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ही आपुलकी अधिक दिसल्याचे म्हटले आहे. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यात स्वतः मेले. पळवलेल्या बायका परत मिळवून देण्यात अनेक हिंदूंनी मदत केली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मीही अशा कथा ऐकल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या: रझाकारांची टोळी येत असल्याचा निरोप आदल्या रात्री पोचवणाऱ्या मुसलमान पिंजाऱ्याच्या, आणि पुढे चार महिन्यांनी त्याच्याच बायका-पोरांना माळवदावरच्या कडब्यात लपवणाऱ्या कुणब्याच्या. आपण झाकून ठेवतो ते केवळ क्रौर्य नसते. क्रौर्य झाकताना ही माणसेही झाकली जातात, कारण कत्तल झालीच नाही असे म्हटल्यावर कत्तलीतून वाचवणाऱ्याची गोष्ट सांगायची कशी? मराठवाड्यात गावोगाव हुतात्म्यांची स्मारके आहेत. शेजाऱ्याला वाचवताना मेलेल्या त्या विणकरांचे स्मारक माझ्या पाहण्यात नाही.

१८८२ साली पॅरिसमध्ये दिलेल्या एका गाजलेल्या व्याख्यानात अर्नेस्ट रेनां या फ्रेंच विद्वानाने असे मांडले की राष्ट्र हे वंश, भाषा, धर्म किंवा भूगोल यांनी बनत नाही, तर एकत्र राहण्याची इच्छा रोज नव्याने व्यक्त करत राहण्याने बनते, आणि त्यासाठी काही गोष्टी विसरणे आवश्यकच असते. पहिला भाग मला पूर्णपणे पटतो. दुसरा पटत नाही, निदान मराठवाड्याच्या बाबतीत नाही. पंचाहत्तरहून अधिक वर्षे आपण विसरण्याचा प्रयोग करून पाहिला. काय विसरले गेले? शाळेत जे सांगितले नाही ते मोहल्ल्यात कुजबुजीने सांगितले गेले, आणि निम्मे सत्य चौकातल्या सभेत ओरडून. दोन समाजांची मुले दोन वेगवेगळे १९४८ घेऊन एकाच बाकावर बसतात आणि निवडणूक आली की ते दोन्ही बाहेर काढायला टपलेली माणसे असतातच. जखम अंगावर आहे हे माहीत असूनही तिच्यावरचा कपडा न काढणाऱ्या रोग्यासारखी आपली अवस्था आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या कोवळ्या मुलांना हे सांगावे का? रास्त शंका आहे. परंतु चौथीतल्या मुलांना रझाकारांच्या क्रौर्याची रसभरीत वर्णने ऐकवताना ही शंका आपल्याला येत नाही. वयाचे भान ठेवायचे तर ते दोन्हीकडे ठेवावे: लहान वर्गांना वाचवणाऱ्यांच्या गोष्टी, आणि नववी-दहावीला कारणे, आकडे, अहवाल आणि त्यावरचे आक्षेपही. आणि हेही सांगावे की ज्या निजामाविरुद्ध एवढा लढा झाला तो मीर उस्मान अली खान पुढे स्वतंत्र भारतात ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून सन्मानाने राहिला, आणि कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७ साली पाकिस्तानात निघून गेला. मेला तो विणकर आणि अडत्याकडचा हमाल. इतिहासाच्या तासाला मुलांना राग यायचाच असेल तर तो या वाटणीचा यावा.

राष्ट्र म्हणजे काय याविषयी आपल्याकडे झालेले सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक बोलणे माझ्या मते २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत झाले. डॉ. आंबेडकर त्या भाषणात म्हणाले की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असू शकतील, आणि सामाजिक व मानसिक अर्थाने आपण अद्याप राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमजेल तितके बरे. त्यानंतर थोड्याच काळात, १९५० साली, त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. राष्ट्र अद्याप व्हायचे आहे असे म्हणणाऱ्या माणसाने ते घडवण्याच्या कामासाठी मराठवाडा निवडला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला तेव्हा काय झाले हे आपण जाणता. नांदेड, परभणी आणि इतर जिल्ह्यांत दलित वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली, हजारो कुटुंबे गाव सोडून गेली. मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेली काही आदरणीय माणसे नामांतराच्या विरोधात होती. त्यांना हिंसा मान्य नव्हती हे खरे, पण निजामापासून मुक्त झालेल्या भूमीवर आपलाही तेवढाच हक्क आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांच्याकडून थांबण्याचा सल्ला मिळाला, हेही खरे.

अखेर जुने नाव ठेवून त्याला आंबेडकरांचे नाव जोडण्याचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी. त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली होती आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून अन्न, तंबू, डॉक्टर आणि पैसा आला होता. देणाऱ्यांपैकी कोणी ढिगाऱ्याखालच्या माणसाची जात विचारली नाही. एकाच हिवाळ्यात एवढे घेतल्यावर विद्यापीठाच्या फाटकावर एक नाव द्यायला आपण इतके का कचरलो, हा विचार मला तेव्हाही छळत होता.

हे सगळे जुने झाले असे म्हणावे तर आजचे काय? आरक्षणाच्या मागण्या रास्त की गैर याचा निवाडा कायदा आणि न्यायालये करतील. त्यात मी पडत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत त्यापायी आपल्याच गावांत कोणी कोणाच्या टपरीवर चहा प्यायचा, कोणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा, इथपर्यंत वाटण्या झाल्या, आणि त्याचे पडसाद शाळेच्या शिक्षक खोलीतही उमटले, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले आहे. शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट जातीनिहाय झाले असतील तर परिपाठाला प्रतिज्ञा म्हणताना ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे वाक्य मुलांनी कोणाकडे पाहून म्हणायचे?

आणि एक गोष्ट बीड, धाराशिव आणि जालन्याच्या शिक्षकांसाठी. १७ सप्टेंबरला ध्वजासमोर रांगेत उभी असलेली पोरे दिवाळीनंतर मोजा. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आई-बाप कोयता घेऊन कारखान्याच्या फडात जातात आणि त्यांच्याबरोबर शाळेची हजेरीही जाते. कुठे हंगामी वसतिगृह चालते, कुठे ते कागदावर असते. राज्याच्या एका समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याचे आढळले. पाळीमुळे किंवा दुखण्यामुळे खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, हे या शस्त्रक्रियांमागच्या कारणांपैकी एक होते. मला राष्ट्राच्या स्वभावाविषयी एकच आकडा सांगायला सांगितला तर मी उत्पन्नवाढीचा किंवा उपग्रहांचा सांगणार नाही, हा सांगेन. आपण रोज जी साखर खातो ती या बायकांच्या हातची आहे, आणि आपल्या वर्गातला तो रिकामा बाक त्यांच्या मुलाचा आहे. मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब आपण मुंबईकडे मागतो आणि मागायलाच हवा, कारण १९५६ साली आपण मुंबई राज्यात विनाअट सामील झालो आणि १९५३ च्या नागपूर करारातली आश्वासने पुरी झाली नाहीत. परंतु मुकादम, ट्रॅक्टरमालक आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पुष्कळदा आपल्यातलेच असतात.

म्हणून येत्या सतरा सप्टेंबरसाठी माझ्या काही विनंत्या आहेत. पाहुण्यांच्या भाषणाची वेळ निम्मी करावी आणि उरलेला वेळ गावातल्या एखाद्या वृद्ध माणसाला किंवा त्या वृद्धाकडून ऐकलेले सांगू शकणाऱ्या मुलाला द्यावा. १९४८ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. आठवी-नववीच्या मुलांकडून सुट्टीत त्या आठवणी लिहून घ्याव्यात: कोणाचे घर जाळले, कोणी जाळले, कोणी लपवले, कोण परत आले आणि कोण आले नाही. हिंदू, मुसलमान, दलित, लिंगायत, बंजारा अशा सर्व वस्त्यांत मुलांना जोडीने पाठवावे आणि जोडीतली दोन मुले शक्यतो वेगवेगळ्या वस्त्यांतली असावीत. जिवंत कुटुंबांवर ठपका येईल अशी नावे वहीत लिहू नयेत. वाचवणाऱ्यांची नावे मात्र घरच्यांच्या संमतीने जरूर लिहावीत. हुतात्म्यांच्या यादीचे वाचन होते तिथे शोएबुल्ला खान यांचे नाव घ्यावे.

पालक किंवा गावपुढारी हरकत घेतील, याची मला कल्पना आहे. अशा वेळी एकट्या शिक्षकाला पुढे करून मुख्याध्यापकांनी बाजूला होऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आधीच घेऊन तिच्या इतिवृत्तात हा कार्यक्रम मंजूर करून ठेवावा, म्हणजे नंतर कोणाला एकट्याला जाब द्यावा लागणार नाही. आणि ज्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले आहेत त्या वर्गाने ही नोंदवही दिवाळीपूर्वी पूर्ण करावी, कारण त्यानंतर ती मुले फडात असतील आणि त्यांच्या घरच्या आठवणी वहीत यायच्या राहून जातील.

आपला,
एक सेवानिवृत्त इतिहास शिक्षक
अंबाजोगाई, जिल्हा बीड